पंचमीचा तवा

कमलबाई भिंतीला पांढरी माती फासत होती. कोपरापर्यंत हात पांढरे, कपाळावर एक ओघळ. नागपंचमी आठ दिवसांवर आली होती आणि सगळ्या गावाच्या भिंती ओल्या होत्या.

"मावशी, सून कशी भाजली व्हती तुमची?" राजेश्वरीनं उंबऱ्याशी बसून विचारलं. मांडीवर कागदाचा गठ्ठा, त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून चपलेचा एक जोड.

कमलबाईचा हात थांबला नाही. "भाकरी करत व्हती. पदर पेटला."

"कवा?"

"झाली की सात वरसं."

"म्हैना कोंचा?"

"म्हैना-बिना काय ठावं न्हाय बाई. पंचमी व्हती. असंच सारवण झालं व्हतं." कमलबाईनं चिंधी बादलीत बुडवली, पिळली, पुन्हा भिंतीला लावली. "धा दिस दवाखान्यात व्हती. मंग गेली. लिही, अपघात."

राजेश्वरीनं लिहिलं.

ती गावची आशाताई. बाळंतिणी, लशी, ताप-खोकला, सगळं तिच्या वहीत. पण हे काम नवं होतं. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरीणबाई बेंबळीच्या दवाखान्यात येऊन सगळ्या आशांना कागद वाटून गेल्या होत्या. दहा वर्षांत गावात जी जी बाई, जो जो माणूस भाजला, त्याचा एकेक कागद. वय, महिना, जागा आणि शेवटी 'कसं'. त्यापुढं चार चौकटी: अपघात, स्वतः, दुसऱ्यानं, माहीत नाही.

"हा पोलिसांचा कागद नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "नावं माझ्याजवळच राहतील. कोण, केव्हा, कुठं, एवढं कळलं, तर पुढची कोण ते आधी कळेल."

"आधी कळाया आमी काय देवरुशी हाव का, मॅडम?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. पण राजेश्वरीच्या डोक्यात ते वाक्य कुसळासारखं अडकून बसलं होतं. पुढची कोण, ते आधी.

आतापर्यंत अकरा कागद झाले होते. बारावा तिच्या स्वतःच्या घरचा होता. तो कोरा होता.

*

सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं आणि गवत त्याच्याही वर. तिघी सासूसुना एका ओळीत खुरपायला बसल्या होत्या. सासू नागूबाई मधे, एकीकडं थोरली सून राजेश्वरी, दुसरीकडं दीपाली. घरचे दोघं भाऊ, रामलिंग आणि मल्हार, मेंढरं घेऊन माळावर होते. त्यांच्या काठ्यांची टोकं तेवढी दिसायची.

दीपाली धाकटी, मल्हारची. खुरपताना तिला सोपं जायचं, कारण तिची मान खालीच असायची. हनुवटीपासून छातीपर्यंतची कातडी वितळून आखडली होती. समोरच्याचं तोंड बघायचं तर तिला कमरेतून मागं कलावं लागे. चार वर्षं झाली. तिनं त्याची सवय करून घेतली होती. ती माणसं पायांवरून ओळखायची. "कोन, बिराप्पा मामा का?" असं चपलेकडं बघूनच विचारायची, आणि चुकायची नाही.

गवत उपटता उपटता ती गुणगुणत होती.

*पंचमीच्या दिशी झोका लिंबाच्या डहाळीला,*
*एक गेली माहेराला, एक ऱ्हायली राखणीला.*

"कुणाची गं ही ओवी?" राजेश्वरीनं विचारलं. "म्या न्हाय ऐकली कदी."

"अशीच," दीपाली म्हणाली. "मातीतनं आली."

नागूबाईनं खुरपं आपटून माती झाडली. "गानं ऱ्हाऊ द्या. पंचमीचं बोला. मेंढक्यांच्या भाकरी चौथीलाच करून ठिवायच्या. कुत्र्याची बी. मागल्या साली इसरला अन् कुत्रं उपाशी ऱ्हायलं दिसभर."

"पंचमीला सकाळीच दोन टाकल्या तर?" राजेश्वरी सहज बोलून गेली. मनात अजून कमलबाईची भिंत होती.

नागूबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही ती शहरातून कालच आली. "डोकं ठिकान्यावर हाय का तुजं? पंचमीला तवा चढतोय का चुलीवर? चिरायचं न्हाय, कापायचं न्हाय, भाजायचं न्हाय. उकडलेली पुरनाची दिंडं खायाची. माज्या सासूच्या सासूनं बी त्या दिशी तवा ठिवला न्हाय."

"व्हय, आत्या. इसरलेच."

ती पुन्हा खुरपू लागली. एक हात गेली, दोन हात गेली. मग खुरपं मातीतच राहिलं.

कमलबाईची सून पंचमीला भाकरी करत होती.

तिनं मान वळवली. नागूबाई मुकाट पुढं सरकत होती. पलीकडं दीपाली, खाली मान.

*

दुपारी अंगणात कुणी नव्हतं. राजेश्वरीनं कागद बाजेवर पसरले आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढली. नव्या दिनदर्शिकेच्या मागं जुन्या तशाच खिळ्याला असत; नागूबाई टाकू द्यायची नाही, मेंढी कधी व्यायली ते त्यांवर टिपलेलं असे. दहा वर्षांची पानं. धूळ झटकून ती बसली.

बायकांनी महिने सांगितलेच नव्हते. पोळ्याच्या आधी, पेरणी आटोपली तेव्हा, गौरी उठल्या त्या दिवशी, पंचमीला. त्यावरून तिनंच जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असं लिहून टाकलं होतं. कागदाला इंग्रजी महिना लागायचा. आता ती उलट गेली. एकेक कागद घेऊन कडेला तिथी लिहू लागली.

पंचमी एका साली जुलै सरताना, दुसऱ्या साली ऑगस्टच्या मध्यावर. अधिक महिना आला त्या साली तर आणखी पुढं. कागदावर वेगवेगळे महिने, पण पंचांगात एकच ठिकाण. अकरांतले सहा, पंचमी किंवा तिच्या मागचे-पुढचे दोन दिवस.

आणि त्या सहांत चौघींचा भाकरी करताना पदर पेटला होता. चौघींतल्या तिघींचा तर अगदी पंचमीला.

तिनं पुन्हा मोजलं. बोटांवर, मग खड्यांवर. अंगात ताप चढताना कळतं तसं काहीतरी कळत होतं, आणि त्यात भीतीपेक्षा नवल जास्त होतं. दहा वर्षं सगळं गाव एकच गोष्ट सांगत होतं, आणि ज्या दिवशी तवा पालथा असतो त्याच दिवसाची सांगत होतं. सांगणाऱ्या बायका होत्या. ऐकणाऱ्या बायका होत्या. कुणीही म्हटलं नव्हतं, अगं, भाकरी कशी?

मग तिला आठवलं की आपणही म्हटलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या पंचमीला ती माहेरी होती. दोघी सुना एकदम गेल्या तर कोकरांचं कोण करणार, म्हणून एकीनं जायचं, एकीनं राहायचं. मोठीचा मान पहिला. ती चौथीलाच भावाच्या गाडीवर बसून गेली. पंचमीच्या दुपारी फोन आला. ती परत आली तेव्हा दीपाली दवाखान्यात पांढऱ्या कापडात होती, आणि बाहेर बसलेल्या नागूबाईनं सांगितलं, भाकरी करता करता. तेच तिनं रामलिंगला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आपल्या आशाच्या वहीत आपल्या हातानं लिहिलं.

चार वर्षं ती भाकरी तिनंही भाजली होती.

*

गुरुवारी बेंबळीच्या दवाखान्यात तिनं डॉक्टरीणबाईंसमोर कागद ठेवले आणि वर ती दिनदर्शिका. डॉक्टरीणबाईंचा चहा तसाच राहिला.

"मला वाटलं होतं पावसाचा संबंध असेल," त्या म्हणाल्या. "ओलं सरपण, धूर, चूल पेटत नाही म्हणून अपघात. जुलै ते सप्टेंबर पसरटच दिसत होतं." त्यांनी तिथ्यांवरून बोट फिरवलं. "आणि तव्याचं काय म्हणालात? पुन्हा सांगा."

राजेश्वरीनं पुन्हा सांगितलं. डॉक्टरीणबाई एकदम लहान मुलीसारख्या पुढं सरकल्या. "म्हणजे बाकी कुठल्याही दिवशी हे उत्तर खपलं असतं. आणि त्या दिवशीही खपलं. का हो?"

"कुनी इचारलंच न्हाय, मॅडम. इचारलं असतं तर फुडचं बी इचाराया लागलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी थंड झालेला चहा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "अकरा फार थोडे आहेत. एवढ्यावरून पंचमीमुळं असं होतं, असं म्हणता येणार नाही. माणूस एका दिवसामुळं किंवा एका कारणामुळं असं करत नाही. पण मी बाकीच्या गावांतही तिथी विचारायला सांगते. आणि त्या दिवसांत कोण एकटी आहे, तेवढं तर आपल्याला बघता येईल." त्यांनी कागद मोजले. "तुमच्या गावातले बारा म्हणाला होतात ना?"

"एक ऱ्हायलाय."

"अवघड घर आहे?"

"व्हय," राजेश्वरी म्हणाली. "लई अवघड."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नागूबाई मेंढरांच्या वाड्यात कोकरांना पाजत होती. आई मेलेलं एक कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं होतं. मेंढी लाथ मारत होती. राजेश्वरीनं तिची मान धरली.

"आत्या, त्या साली पंचमीला चुलीवर तवा व्हता का?"

कोकराच्या तोंडातून सड सुटला. नागूबाईनं तो पुन्हा धरून दिला.

"आज चार वरसांनी इचारतीस व्हय?"

"आत्ता कळलं."

"मला तवाच ठावं व्हतं." नागूबाईनं आपले तळवे वर केले. रेषा नव्हत्या. गुळगुळीत, चकचकीत कातडी, भाजलेल्या वांग्यावरची साल काढल्यासारखी. राजेश्वरीनं ते हात रोज बघितले होते. "घोंगडं टाकलं म्या तिच्यावर. वल्लं व्हतं, पावसाचं. लोकर पेट घेत न्हाय लवकर. हातानं दाबलं. दवाखान्यात त्यो डागदर म्हनला, काय करताना झालं? आता बाई काय करताना असती, तूच सांग. माज्या तोंडातनं भाकरीच निगाली. केस व्हईल, पोरीला नांदवायचं न्हाय म्हनतील, मल्हारला धरतील, काय काय डोक्यात. भाकरी म्हनले अन् त्यानं लिवलं." तिनं कोकराची मान सरळ केली. "मला वाटलं, गावातली येक तरी बाई इचारील, नागू, तवा कुठनं आला? येकीनं बी न्हाय. कमली तर म्हनली, माज्या सुनेचं बी असंच झालं. अन् माज्याकडं बगत ऱ्हायली. म्या बी तिच्याकडं."

"तुमी घाबरला व्हता."

"म्या तिच्या भावाला दारातनं परत पाठवलं व्हतं." हे मात्र नागूबाईनं मेंढीकडं बघत सांगितलं. "तू गेल्यावर माकनीहून किस्नराज आला व्हता. बहिनीला न्यायला. कोकरं हायत म्हनलं, फुडल्या साली ने. च्या बी निट पिला न्हाय त्यानं. तवापासनं त्यानं ह्या उंबऱ्याला पाय लावला न्हाय. त्याचं बी खरंच हाय की."

मेंढी आता उभी राहिली होती. कोकरू शेपूट हलवत पीत होतं.

*

दीपालीच्या मानेला रोज खोबरेल लावून चोळायचं असे. ते काम राजेश्वरीचं. दीपाली उंबऱ्यावर बसायची आणि राजेश्वरी मागं. तोंडं एकमेकींना दिसत नसत.

"दीपाली, मोजनीचा कागद हाय माज्याजवळ. तुजा. तू सांगशील ते लिवीन. न्हाय सांगितलं तर कोरा ठिवीन."

"सगळ्यांचं झालं का?"

"झालं."

"कितीजणी?"

"तुज्यासकट बारा. त्यात दोन बापे."

"बाई गं," दीपाली म्हणाली, आणि तिच्या आवाजात नवल होतं. "मला वाटलं, म्या येकटीच."

राजेश्वरीची बोटं मानेवरच्या गाठींवरून हळूहळू फिरत राहिली.

"पोरी झोक्यावर गात व्हत्या," दीपाली सांगू लागली. "दादा परत गेला व्हता. त्याच्या आधी माजं लेकरू पोटातच गेलं व्हतं, त्येचं कुनी नाव काढत नव्हतं. हे बी घरात असून बोलत नव्हते माज्याशी. येका गोष्टीनं न्हाय, अक्का. लई दिसांचं व्हतं. कुनाला सांगावं, तेच सुचंना. मरायचं व्हतं का, ते मला आजबी सांगता येत न्हाय. कुनीतरी माज्याकडं बगावं, येवडं व्हतं." तिनं पदर गुडघ्यावर ओढला. "अन् पेटल्याबरुबर कळलं की मला ऱ्हायाचंय. तवा म्या कुनाला हाक मारली ठावं हाय का? आईला न्हाय. आत्यालाच."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. राजेश्वरीला बोलायचं होतं, पण आधी नाक पुसावं लागलं, आणि हात तेलाचे होते.

"म्या गेले व्हते गं माहेरी," ती शेवटी म्हणाली. "तुला ठिवून."

"ठावं हाय की. ओवी कुनाची वाटली तुमाला?" दीपाली खुदकन हसली. मग म्हणाली, "लिवा. खरं लिवा. पर त्याच्या म्होरं आनखी येक लिवा. वाचली म्हनून."

"त्याला चौकट न्हाय कागदात."

"मंग कडंला लिवा."

राजेश्वरीनं तेलकट बोटांनीच पेन धरलं. 'स्वतः' या चौकटीत खूण केली. आणि कडेला, जिथं बाकीच्या कागदांवर तिथ्या होत्या, तिथं लिहिलं: वाचली. कागदावर तेलाचा डाग पसरला आणि त्यातून मागची अक्षरं दिसू लागली.

आतून नागूबाईचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती, माळावर हाक मारावी तशा मोठ्यानं.

"किस्नराज का? म्या नागूबाई बोलती. ठिवू नगंस, आइक. चौथीला ये. गाडी घेऊन ये... न्हाय, कुनाला काय झालं न्हाय. म्या तुला दारातनं लावून दिला व्हता, आता म्याच बोलवाया लागले... व्हय, तिच्याशी बोल की. हितंच हाय. मान वाकडी करून आइकती बग चोरून."

उंबऱ्यावर दीपालीनं कमरेतून मागं कलून बघितलं, आणि तोल जाऊन राजेश्वरीच्या मांडीवरच पडली.

*

चौथीला कृष्णराज आला. चहा पूर्ण प्याला. दीपालीनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मल्हार माळावरून एवढ्यासाठीच उतरून आला, गाडीजवळ उभा राहिला, आणि त्यानं तिच्या पिशवीचा बंद दोनदा बांधला.

"दोगी जावा की," नागूबाई म्हणाली. "कोकरं माजी हायत."

"मला काम हाय, आत्या." राजेश्वरीच्या हातात घडी केलेला कागद होता. हा कॉलेजचा नव्हता, वहीतून फाडलेला. त्यावर नऊ नावं होती: या पंचमीला ज्यांना न्यायला कुणी येणार नव्हतं अशा. कुणाचा भाऊ नव्हता, कुणाला सोडत नव्हते, कुणी भांडून आली होती, एक तर फक्त नवी होती आणि गप्प असायची. कुणी त्यातली भाजणार आहे की नाही, हे राजेश्वरीला ठाऊक नव्हतं. देवऋषी नव्हती ती. पण दार ठाऊक होतं.

चौथी आणि पंचमी मिळून ती नऊही घरं हिंडली. ओच्यात ज्वारीच्या लाह्या. कुठं अर्धा तास, कुठं दोन. एका घरी सासूनं विचारलं, "लस हाय का कसली?" "न्हाय हो, बसाया आले," राजेश्वरी म्हणाली, आणि खरंच बसली. त्या गप्प सुनेनं पहिल्यांदा काहीच सांगितलं नाही. दुसऱ्यांदा गेल्यावर म्हणाली, "अक्का, परत येताल का?"

पंचमीच्या दुपारी ती घरी आली तेव्हा चूल थंड होती. तवा घासून कोनाड्यात पालथा. नागूबाईनं दिंडांचं ताट पुढं केलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

पलीकडं वारा होता, पोरींचा कालवा होता, आणि दोर करकरत होता.

"अक्का! म्या झोक्यावर हाय!"

"अगं, धरून बस! फोन कशाला घेतलास?"

"दादानं धरलाय झोका. अक्का, आइका ना. मान वर व्हत न्हाय माजी, तुमाला ठावं हाय. पर झोका वर गेला की म्या अख्खीच वर जाते. अन् मंग खाली बगितलं की सगळं दिसतंय. माकनीच्या धरनाचं पानी बी दिसतंय, पार पल्याडपतोर."

राजेश्वरीनं फोन कानापासून काढून नागूबाईच्या कानाला लावला. म्हातारीनं आपल्या गुळगुळीत तळव्यानं तो दाबून धरला. झोका पुढं जायचा तेव्हा आवाज लांब जायचा, आणि मागं यायचा तेव्हा जवळ यायचा. आणि तो प्रत्येक वेळी परत येतोय ना, हे नागूबाई कान देऊन ऐकत राहिली.